पहिलं सत्र वटवाघळांचं

सस्तन प्राण्यांवरच्या परिषदेसाठी गोषवारे आले, त्यांत वाघ-बिबट्यांचीच गर्दी. मी समितीत हट्टच धरला: सकाळचं पहिलं सत्र वटवाघळं, उंदीर आणि चिचुंद्र्यांना. अहो, भारतातल्या सस्तन जातींपैकी निम्म्या तर वटवाघळं आणि कृंतकच (उंदीर-खारींसारखे कुरतडणारे प्राणी) भरतात! रॉटनचं वटवाघूळच घ्या. १९१३ साली बेळगावकडच्या बारापेडे गुहेतून ते विज्ञानाला कळलं, पण आजही किती जणांना ठाऊक आहे?

गुहांमध्ये काम करणारी एक विद्यार्थिनी पोस्टरची गुंडाळी घेऊन रात्रीच्या एसटीनं येतेय. तिचं नोंदणीशुल्क माफ करून घेतलं. संध्याकाळी सगळ्यांना गच्चीवर न्यायचं ठरलंय. तिथे डिटेक्टरवर, म्हणजे माणसाला ऐकू न येणारे आवाज ऐकू येतील असे करणाऱ्या यंत्रावर, वटवाघळांचे आवाज ऐकवणार, टकटक-टकटक, भक्ष्याजवळ जाताना एकदम जलद. गच्चीची किल्ली मामांकडून घेतलीय. जेवण त्यानंतरच.