५८० म्हणून आलेलं कार्ड

२०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, आणि आडतीवर चार-सव्वाचार हजारांच्या पुढे कुणी बोलायला तयार नव्हतं. त्याच दिवसांत औसा तालुक्यातले एक शेतकरी आपल्या पोराला घेऊन लातूरला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. पोरगा बीसीएच्या पहिल्या वर्षाला. त्याला आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करून पाहिजे होता. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उभं करणारा भाग, त्यानं आधीच ऑनलाइन मागवलं होतं, ते छातीशी धरून आला होता. "आरएक्स ५८०, आठ जीबी. सात हजाराला भेटलं," पोरगा म्हणाला. पैसे अर्थात अप्पांचे, म्हणजे वडिलांचे. बाकी सगळ्याला, मॉनिटर धरून, ३८,००० रुपये.

तेव्हा एवढ्यात चांगलं मशीन बसायचं. पण लोक पैसा नको तिथं घालतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, "आय-सेव्हनच घे." मग ऑफिसातून निघालेला, २०१२ सालचा तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन घासूनपुसून, वर लाइटवाला काचेचा डबा चढवून त्यांच्या गळ्यात मारला जातो. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढतसुद्धा नाही. असं विकणाऱ्यांना मी धंदेवाईकही म्हणणार नाही, ती फसवणूक आहे. एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचंही तेच. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस हलका असतो, आणि खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज कुठं जाईल याचा नेम नाही. त्यात जुनं ग्राफिक्स कार्ड लावायचं म्हणजे मी एसएमपीएसच्या ब्रॉन्झ दर्जाच्या खाली जातच नाही. लाइटवाले पंखे मी यादीतून काढले तेव्हा पोराचं तोंड उतरलं, पण तो काही बोलला नाही.

तो भांडला प्रोसेसरवरून. त्याला रायझन ५ ५६०० हवा होता, मी ५६००जी म्हणत होतो. "जी कामून? ५६०० ला ३२ एमबी कॅश हाय, जी ला १६," पोरगा म्हणाला. बरोबरच होतं. कॅश म्हणजे प्रोसेसरची स्वतःची झटपट मेमरी. व्हिडिओ पाहून आलेली पोरं आकडे चुकत नाहीत. पण व्हिडिओ करणाऱ्यांच्या कपाटात चार कार्डं पडलेली असतात, याच्याकडे एकच होतं, तेही जुनं. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड मेलं की स्क्रीन काळी, आणि मशीन तसंच पडून राहणार. जी मध्ये वेगा ग्राफिक्स आहे, मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली की काम सुरू. जी ला पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, जुना ३ चाच मिळतो हेही त्यानं काढलं, पण ५८० मुळात ३ चंच कार्ड आहे, तिथं काही जात नाही. शेवटी तो जी ला तयार झाला. आजही तीच यादी दिली तर मी तेच पार्ट काढीन.

रॅम सोळाची एक न घेता आठ-आठच्या दोन लावल्या. कार्ड नसेल तेव्हा ग्राफिक्स रॅमवरच जगतं, आणि एका दांडीवर त्याचा श्वास कोंडतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन रॅम पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी चालू केलं. ३२०० ची रॅम ते न करता बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. असेंबल करणारे कित्येक जण हे करतच नाहीत, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं अर्धवट मशीन वापरतं. मला याचा फार राग येतो.

मग कार्ड हातात घेतलं. मागचे स्क्रू झिजलेले. मेमरी चिप्सच्या कडेनं, त्यांची उष्णता ओढून घेणाऱ्या थर्मल पॅडचं तेल सुटून बोर्डवर चिकट कड पडली होती, धूळ तिलाच धरून बसली होती. महिनोन्महिने रात्रंदिवस तापलेलं कार्ड असं दिसतं. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग, म्हणजे अशी कार्डं चालवून ते डिजिटल चलन कमावणं, बंद झालं आणि असली कार्डं बाजारात पोत्यानं आली. तरी लावलं. डिस्प्ले आला. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं, शेडर्सच्या, म्हणजे कार्डातल्या हिशोब करणाऱ्या बारक्या भागांच्या चौकटीत आकडा होता २०४८.

खऱ्या ५८० ला २३०४ असतात. २०४८ म्हणजे त्याच्या खालच्या ५७० ची ताकद. ते नकलीही म्हणता येत नाही, कारण २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' या नावानंच ते निघालं होतं. विकणाऱ्यानं नावाचं '२०४८एसपी' हे शेपूट तेवढं कापलं.

पोरगा माझ्या मागंच उभा होता. त्याला तो आकडा माहीत होता, हे मला त्याच्या गप्प होण्यावरून कळलं. तेवढ्यात अप्पांनी खुर्चीतून विचारलं, "कार्ड बरं हाय का हो? पोरानं हौसेनं घेतलंय."

पोरगा माझ्याकडं बघत होता.

"चालतंय, अप्पा," मी म्हणालो. खोटं नव्हतं. जी मधल्या ग्राफिक्सपेक्षा ते कितीतरी पुढं होतं, आणि लोड देऊन बराच वेळ चालवलं तरी अडकलं नाही. अप्पा गाडीकडं गेल्यावर मी पोराला सगळं सांगितलं. पॅड बदलून दिले, पैसे घेतले नाहीत.

चैतात पोराचा फोन आला. कार्ड बंद पडलं होतं, वायर मदरबोर्डला लावून कॉलेजचं काम चालू होतं. मग म्हणाला, "अप्पाला मी सगळं सांगितलं. ते म्हणले, पोराचं समजू शकतो, दुकानदारानं कामून लपवलं?"

कार्डाचे सात हजार म्हणजे दीड-पावणेदोन क्विंटल सोयाबीनचे पैसे होते. पण त्या दिवशी, भरल्या दुकानात, बापासमोर त्या पोराला उघडं पाडायचं मला आजही धाडस झालं नसतं. अप्पांनी विचारलं होतं मला, पोराला नाही, तेही खरं. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत.

आता कुणी जुनं कार्ड घेऊन आलं की जीपीयू-झेडमधलं नाव आणि शेडर्सचा आकडा मी बिलावरच लिहितो. बिल पैसे देणाऱ्याच्या हातात जातं.