तात्यांचं टोपीदार पिस्तूल: मे ते खंडेनवमी

हर्णैचे तात्या त्यांच्या देवघरातलं जुनं पिस्तूल दाखवायचं म्हटलं की मला दोन वर्षं टाळत होते. "दसऱ्याला ये, लांबून बघ" एवढीच परवानगी. या मे महिन्यात त्यांचाच फोन आला. "घोडा हलत नाही रे. बघतोस का?"

आधी कागद. परवाना तात्यांच्या नावावर आहे, म्हणून पिस्तूल त्यांच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, मीच रविवारी अवजारं घेऊन दापोलीहून खाली उतरायचं, असं ठरलं. पोलीस ठाण्यात तसं लेखी देऊन पोच घेतली. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तूचं मूल्य असलेल्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. आपल्या जुन्या हत्यारांच्या नादातले बरेच जण हे वाक्य अर्धंच वाचतात.

मे, शेवटचा रविवार

मापं: नळी ९ इंच, गोल, आतून गुळगुळीत. तोंडाचा व्यास व्हर्निअरवर साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास. दस्ता अक्रोडाचा, बुडाला पितळी टोपण आणि दोरी अडकवायची कडी. तोंडातून दारू-गोळी ठासायचा गज नळीखालीच दुहेरी कडीला जोडलेला. तो पूर्ण बाहेर येऊन फिरतो, पण सुटत नाही. घोड्यावर बसून ठासताना गज हातातून पडला की गेलाच, म्हणून ही सोय.

घोडा (पिस्तुलाचा) खाली बसलेला, जाम. चापही.

मग वेताची काठी. ठासणीचं कुठलंही हत्यार हातात आलं की मी आधी हेच करतो. काठी तोंडातून तळाला टेकवायची, खूण करायची, मग तीच काठी बाहेरून निपलपर्यंत (घोडा आपटतो ती बोंडी, हिच्यावर स्फोटक मसाल्याची तांब्याची टोपी बसवतात) धरून बघायची. काठी पावणेदोन इंच कमी भरली.

पावणेदोन इंच म्हणजे दारू, गुंडाळी आणि गोळी यांची बरोबर जागा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तात्या म्हणाले, "दर दसऱ्याला मी हे नातवाच्या हातात देतो." मी काही बोललो नाही. पिस्तूल गोठ्यात जांभ्याच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि ओळखीच्या परवानाधारक कारागिराला फोन केला. तुम्हीही हेच करा. स्क्रू घालून खणत बसू नका.

जून, पहिला आठवडा

कारागिराने नळीत पाणी भरून तीन दिवस ठेवायला लावलं. गंजलेल्या लोखंडात पाणी ओतताना माझा जीव वरखाली होत होता, पण गंज काढता येतो, बोटं परत लावता येत नाहीत. चौथ्या दिवशी त्याने स्वतः बांबूच्या कामटीने कोरायला घेतलं. आधी लाल चिखल आला. मग आणखी चिखल. मग सुकलेले कोळी, एकेक करून अकरा.

कुंभारीण माशीचं घर! नळी रिकामी होती. तात्या इतके हसले की काकू चहा घेऊन बाहेर आल्या.

त्याच दिवशी हेअर ड्रायरने नळी वाळवली, आतून तेलाचं फडकं फिरवलं. पाऊस दोन दिवसांनी लागला.

जून-जुलै

आता खरं काम. खोलायचे स्क्रू फक्त दोन, पण त्यांच्या खाचांत डिंकासारखा पिवळट थर. तात्या आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील दर दसऱ्याला खोबरेल चोळत आले. खोबरेल खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं, वर धूळ बसून चिकटा होतो. शिवाय काकू पितळ आमसूल आणि मिठाने घासतात, जशी समई घासतात तशी. पितळ सोन्यासारखं दिसतं, पण फटीत राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. समुद्र पाचशे पावलांवर, तिथे मीठ घरून घालायची गरज नव्हती. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग काळं ठेवायचं का देवापुढे?"

थिनरच्या बोळ्याने थर मऊ केला. बाजारातला स्क्रूड्रायव्हर या खाचांना चालत नाही, खाच फार अरुंद असते आणि कडा लगेच फुटते. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीने घासून नेमकं बसेल असं केलं. पहिला स्क्रू सुटला. दुसऱ्याला रोज दोन थेंब तेल टाकायचं काम तात्यांकडे दिलं. अठरा दिवस लागले.

आतली बाजू बघून मी खुर्चीत बसलोच. बाहेर एवढा गंज आणि आत कमानीच्या स्प्रिंगवर अजून पोलादाची निळसर झाक. प्रत्येक सुट्या भागावर कानशीने मारलेल्या दोन बारीक तिरक्या रेघा. भाग हाताने घासून एकमेकांना बसवले जायचे, दुसऱ्या पिस्तुलाचा तुकडा यात बसला नसता, म्हणून जोडणाऱ्याने ही खूण ठेवलेली. घोडा अडला होता तो फक्त त्या चिकट्याने. काहीही तुटलेलं नव्हतं.

निपलभोवतीचा भाग मात्र देवीच्या व्रणांसारखा खड्ड्यांनी भरलेला. त्याला दसरा कारण नाही. टोप्यांतल्या मसाल्यात पाऱ्याच्या फल्मिनेटबरोबर पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते उडाल्यावर क्षार मागे राहतो आणि तो पाणी धरतो. म्हणजे हे पिस्तूल देवघरात बसायच्या आधी भरपूर चाललेलं आहे.

लाल, भुगा पडणारा गंज तेवढा तेल आणि बांबूच्या कोरणीने काढला. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर तसाच ठेवला. पॉलिश पेपर पिशवीतसुद्धा नेला नाही.

ऑगस्ट

पट्टीच्या (घोडा जिच्यावर बसवलेला असतो त्या पोलादी पत्र्याच्या) बाहेरच्या बाजूला, घोड्याच्या मागे, कुंकवाचा खडूएवढा जाड थर होता. स्पिरिटचा बोळा लावला की कापूस गुलाबी, पुन्हा लावला की पुन्हा गुलाबी. तीन रविवार. टूथपिकने कणाकणाने काढत गेलो तेव्हा आधी एक पंजा दिसला, मग शेपूट, मग पुढच्या दोन्ही पंजांत धरलेला मुकुट.

मागच्या पायांवर उभा सिंह. ईस्ट इंडिया कंपनीचा. साधारण १८०८ नंतर कंपनीच्या बंदुकांच्या पट्टीवर जुन्या बदामाच्या आकाराच्या शिक्क्याऐवजी हाच येतो. ज्यांच्याकडे १८३५ चा पाव आणा आहे त्यांनी भिंगाखाली धरावा, त्यावर कंपनीचं बोधचिन्ह आहे. सिंहाखाली सालाचे '१८' स्पष्ट, पुढचे दोन आकडे खड्ड्यांनी खाल्लेले. तरी काळ फार सैल राहत नाही. कंपनीच्या फौजेत टोपीदार हत्यारं आली ती १८४० च्या दशकात, आणि १८५८ मध्ये कंपनीचं राज्यच राणीकडे गेलं. जोडलेला गज, बुडाची कडी, कार्बाइनच्या (घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीच्या) मापाची नळी, हे सगळं बघता स्वाराचं पिस्तूल म्हणायला मला अडचण वाटत नाही. कंपनीच्या मस्केट आपण बऱ्याच बघतो, असं न बदललेलं पिस्तूल मी कोकणात पहिल्यांदाच हाताळलं.

आता अवघड भाग तात्यांना सांगण्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की हे आंग्र्यांच्या आरमारातलं, सुवर्णदुर्गावरून आलेलं. अंगणातून किल्ला दिसतो, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. पण सुवर्णदुर्ग कमोडोर जेम्सने घेतला १७५५ मध्ये, पुढच्या वर्षी विजयदुर्ग पडून तुळाजी कैद झाला. फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं १८०७ मध्ये, आणि तांब्याची टोपी त्याच्याही नंतरची. आंग्र्यांकडे होती ती चकमकीची आणि तोड्याची हत्यारं, म्हणजे गारेच्या ठिणगीने किंवा जळत्या वातीने पेटणारी. शिवाय आरमारी पिस्तुलाला बहुधा पट्ट्यात अडकवायचा लोखंडी हूक असतो. इथे हूक नाही, तो बसवल्याचं भोकही नाही.

मी हे सगळं ओटीवर बसून सांगितलं. दापोलीला कंपनीची छावणी होती (म्हणून अजून 'कॅम्प दापोली'), रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या फौजेत माणसं ढिगाने भरती व्हायची आणि पेन्शन घेऊन गावी परतायची, हेही सांगितलं. तात्या बराच वेळ पट्टीकडे बघत होते.

"म्हणजे आमच्या बापसाने जन्मभर कंपनी सरकारला कुंकू लावलं म्हणायचं."

आतून काकूंचा आवाज आला. "सिंह तो देवीचाच."

सप्टेंबर

दस्त्यावरचं आणि पितळी टोपणाच्या कडेचं कुंकू मी काढायचं थांबलो. पोलादावर ते ओल धरतं, म्हणून तिथून गेलं. लाकडावर ते काही बिघडवत नाही, आणि या घरात पिस्तूल ज्या कामाला आहे त्याची तेवढीच खूण उरली आहे. हे न पटणारे असतील, माझं मत पक्कं आहे. पोलादाला रेनेसाँ वॅक्स या मेणाचे दोन पातळ हात दिले. निपल सुटत नाही. जोर लावणार नाही, आटे गेले तर पुन्हा मिळणार नाहीत.

पेटीतली जुनी लोकर काढून टाकली, ती ओल धरत होती. सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या दर महिन्याला वाळवायची जबाबदारी नातवावर.

खंडेनवमी

पाटावर पिस्तूल, कोयता, पावशी आणि माझा घासलेला स्क्रूड्रायव्हर. काकूंनी पाणी शिंपडायच्या ऐवजी पाटाभोवती फिरवलं, सुक्या कुंकवाचं बोट दस्त्याला लावलं आणि सिंहावर झेंडूचं एक फूल ठेवलं. फुलाचं काही ठरलं नव्हतं. आरती होईपर्यंत मी गप्प बसलो, मग फूल उचलून खाली बोट फिरवलं. मेणावर थेंब जमला होता, पट्टी कोरडी होती.