चादरीवर दिसलेली श्रुतिका

आज रात्री समाजमंदिरात पांढरी चादर बांधून गावातल्याच पोरांनी केलेली शॉर्टफिल्म पाहिली. जुन्या श्रुतिकेवरून, म्हणजे रेडिओवरच्या नाटकावरून केलेली, बारा मिनिटांची. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. आबाजी त्याच केंद्रावरच्या श्रुतिका ऐकत कापूस निवडायचे. पाऊस, बैलाची घुंगरमाळ, सगळं नुसत्या आवाजातून दिसायचं तेव्हा.

पोरांनी एक गोष्ट फार नेमकी केली. म्हातारी विहिरीवर जाते तेव्हा पडदा पूर्ण काळा, फक्त रहाटाची करकर. मग पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरावर वऱ्हाडी कविता. ऐकताना गळा दाटून आला माझा.

शेजारी मायनं डोळे मिटलेले. म्हटलं, "झोप आली का वं?"

"नाई रे बाप्पा, आयकून राह्यली."