आमची वाटचाल : पेटीच्या भात्यापासून मॅन्डोलिनच्या आरशापर्यंत

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान मुळात पेटीचं. बाबा भाते बदलत, सूर मिळवत आणि उरलेला वेळ भजनी मंडळांकडून उधारी वसूल करण्यात घालवत. तारेच्या वाद्यांना ते हात लावत नसत. "पेटी एकदा लावली की वर्षभर गप्प बसते, तारवाल्याची रोज समजूत काढावी लागते," असं त्यांचं म्हणणं. दुकानात मॅन्डोलिन, म्हणजे नखीने वाजवायचं आठ तारांचं छोटं वाद्य, शिरलं ते अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या गार्डसाहेबांमुळे.

साहेबांचं मॅन्डोलिन गोल पाठीचं, इटलीतल्या नेपल्सच्या घाटाचं. मे महिन्यात ते दिवसभर कोरड्या खोलीत आणि रात्रभर कूलरसमोर राहिलं, आणि पाठीच्या लाकडी पट्ट्यांपैकी एक फाक उचकटली. बाबांनी सरसाचा डबा पाण्यात ठेवून तापवला, फाक बसवली आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळून दोन दिवस ठेवलं. सव्वाशे रुपये सांगितले. साहेबांनी दीडशे दिले आणि पावती मागितली. पावती मागणारं गिऱ्हाईक बाबांना तोवर भेटलंच नव्हतं. पावतीपुस्तक त्या संध्याकाळी शेजारच्या किराणा दुकानातून उसनं आणलं. साहेबांनी ती पावती आजही जपून ठेवली आहे, एकदा दाखवली होती.

मग त्यांच्या ओळखीने ऑर्केस्ट्रावाले यायला लागले आणि मी जुनी मॅन्डोलिनं घेण्या-विकण्यात पडलो. बाबांनी विरोध केला नाही. त्यांच्या एका दंतवैद्य गिऱ्हाइकाने दिलेला दात तपासायचा छोटा आरसा त्यांनी माझ्या हातात ठेवला. तोच आरसा, एक बारीक टॉर्च, स्टीलची सहा इंची पट्टी आणि बारीक फट मोजायचं, मोटार मेकॅनिककडचं फीलर गेज एवढ्या सामानावर माझं पोट चालतं.

धंद्यातल्यांना हे सांगायला नको, तरी सांगतो. वाद्य हातात आलं की आधी वाजवू नका. वाजवलं की माणूस प्रेमात पडतो आणि भाव चढतो. डोक्याकडून एक डोळा मिटून मान सरळ आहे का बघा. मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, तार किती उंच आहे ते मोजा. तिथला हार्मोनिक, म्हणजे बोट नुसतं टेकवून निघणारा सूर, आणि दाबलेला सूर एक येतो का ऐका. येत नसेल तर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी थोडी सरकवून बघा, ती सुटीच असते. कोणी फेविकॉलने चिकटवून ठेवली असेल तर हजार रुपये तिथेच कापा. मग बोटाच्या पेराने पाटीवर, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीवर, ठोकत जा. पाटीला आतून आधार देणारी दांडी सुटली असली की खर्र आवाज येतो. शेवटी टॉर्च आणि आरसा आत घाला. नखीचे ओरखडे अडवणारा जुना पिकगार्ड सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकचा, असेल तर वास घ्या. कापरासारखा, आंबूस वास आणि जवळच्या तारांवर हिरवं, म्हणजे तो सडतोय आणि धातू खातोय. आमच्या उन्हात ते लवकर होतं.

भाव काढायची माझी रीत उलटी आहे. हेच वाद्य ठणठणीत असतं तर आज किती गेलं असतं, तो आकडा आधी कागदावर लिहायचा. त्यातून दुरुस्ती वजा. पडदे बदलायचे आहेत का, मान काढून बसवायची आहे का, तडा आहे का, याचे खरे पैसे विचारून घ्यायचे, अंदाजाने नाही. आणि नावाचे पैसे सगळ्यात शेवटी, तेही सगळं मूळचं असेल तरच. कोणी हौसेने नवं पॉलिश मारलेलं असेल तर निम्मा भाव गेला. आवाज विजेवर मोठा करणाऱ्या पिकअपसाठी भोक पाडलेलं असेल तर आणखी गेला. दक्षिणेत यू. श्रीनिवास पाच एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मॅन्डोलिनवर कर्नाटक संगीत वाजवायला लागले, त्यानंतर आमच्याकडच्या दोन-तीन हौशी मंडळींनी चांगली आठ तारांची जुनी वाद्यं ड्रिलखाली घातली. त्या भोकांना मी लाकडाच्या गुट्ट्या मारल्यात, पण गेलेला भाव गुट्टीने परत येत नाही.

आता 2012 ची गोष्ट. ही सगळी अक्कल मला तेव्हाच आली, आणि महागात आली.

कामठीचा एक मध्यस्थ जाड काळं खोकं घेऊन आला. आत अमेरिकेच्या गिब्सन कंपनीचं ए घाटाचं मॅन्डोलिन, लंबगोल भोकाचं, कोरीव, जवळजवळ चपट्या पाठीचं. भोकातून लेबल दिसत होतं, त्यावर नंबर. मी नंबर जुळवून बघितला, 1910 च्या दशकातला निघाला. कॅलामाझूच्या कारखान्यातलं, शंभर वर्षांचं वाद्य महालात! कोलकात्याचं गिवसन घेऊन येणारे आणि लाखाची स्वप्नं बघणारे रोज भेटतात, इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरक. हे मात्र खरं होतं. "भाऊ, घ्या जी, असा माल पुन्हा नाही येत," मध्यस्थ म्हणाला. एक लाख वीस हजारांवरून पंच्याण्णववर आला. गल्लीच्या तोंडाशी वाद्यांचंच दुकान असलेल्या शेजाऱ्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "बढिया पीस आहे, सोडू नका." बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मी घेतलं.

मुंबईचे एक स्टुडिओत वाजवणारे गृहस्थ बघायला आले. मी टेबलावर फडकं अंथरलं, चहा सांगितला. त्यांनी आरसा आत फिरवला, लेबलवरचा नंबर मोठ्याने वाचला आणि वाद्य उलटं न करता डोक्याकडे बघत राहिले. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या मागे घंटेच्या आकाराची छोटी झाकणी होती. मला ती शोभेची वाटली होती. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, झाकणी सोडवली. खाली पितळी नट.

"ट्रस रॉड," ते म्हणाले. "मान सरळ करायची ही सळई गिब्सनने बसवायला सुरुवात केली ती 1920 नंतर. तुमचं लेबल त्याच्या आधीचं. एक तर मान नंतरची आहे, नाही तर लेबल दुसऱ्याच कुणाचं."

पुढे त्यांनी मानेच्या बुडाशी आरसा धरून मला दाखवलं. जोडाच्या कडेला सरस पिवळट दिसायला हवा होता. तिथे चकचकीत, पारदर्शक इपॉक्सी, म्हणजे आजकालचा रासायनिक गोंद, गोठलेलं होतं. चहा पिऊन ते रात्रीच्या गाडीने परत गेले. सभ्य माणूस, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मी दुकानाचं शटर ओढून आत बसून राहिलो. बाबा आले, वाद्य उचललं, दोन तारा छेडल्या आणि म्हणाले, "वाजतंय तरी छान."

मागाहून कळलं की तेच वाद्य पंधरा दिवस आधी आमच्या शेजाऱ्यांनी बघितलं होतं आणि सोडलं होतं. सोडलं यात काही गैर नाही. मला "सोडू नका" म्हणाले याचं कारण मला आजही कळत नाही. त्यावर कडी म्हणजे त्यांच्या काउंटरवरून गिऱ्हाइकांना सांगितलं जायला लागलं, "त्यांना अस्सल-नक्कल कळत नाही." दोन वर्षं मॅन्डोलिनचं एकही गिऱ्हाईक पायरी चढलं नाही, एक गार्डसाहेब सोडून. ते मुद्दाम गर्दीच्या वेळी यायचे आणि भर दुकानात मोठ्याने तारा मागायचे. पाटल्या भजनी मंडळांनी सोडवल्या म्हणायला हरकत नाही. त्या दोन वर्षांत मी जेवढे भाते बदलले तेवढे बाबांनी दहा वर्षांत बदलले नसतील. ते मॅन्डोलिन शेवटी चाळीस हजाराला गेलं. मान बदललेली आहे हे मी बिलावर लिहून दिलं.

त्यानंतरची वर्षं दुकान चाललं. सांगण्यासारखं विशेष नाही.

एक मात्र सांगतो. दोन वर्षांपूर्वी धंतोलीच्या एका काकू यजमानांचं मॅन्डोलिन घेऊन आल्या. गोल पाठीचं, जुनं, घोडीच्या मागे पाटीला ठळक मोड. त्यांना आमच्याच गल्लीत कोणीतरी सांगितलं होतं, "पाटी बसली, कामाचं नाही, तीन हजार देतो." आता ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे की नेपल्सच्या घाटाला तो मोड मुळातच असतो. पाटी तिथे मुद्दाम वाकवतात, म्हणजे तारांचा दाब नीट बसतो. मी स्टीलची पट्टी मोडाच्या दोन्ही बाजूंना आडवी ठेवून दाखवली. दोन्हीकडे लाकूड एका रेषेत, कुठे खळगा नाही. आरशात दांड्या शाबूत. फक्त आजकालच्या जाड तारा चढवल्या होत्या, त्या मी तिथल्या तिथे सैल केल्या; असल्या वाद्याला सगळ्यात बारीक तारा लावाव्यात, नाही तर पाटी खरंच बसते. मी अठरा हजार दिले. "तुम्हाला तोटा नाही ना होणार?" काकूंनी विचारलं. मला पाच हजार सुटले.

आणि खरेदी करायचीच असेल तर मे महिन्यात करा. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात लाकूड आक्रसतं, तडे उघडे पडतात, विकणाऱ्याला लपवता येत नाहीत. जुलैत तेच तडे हवेच्या ओलीने मिटतात आणि वाद्य नवरदेवासारखं दिसतं.

गार्डसाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी दसऱ्याला ते तारा बदलायला येतात, आणि गेली कित्येक वर्षं त्यांचा एकच विनोद, "बोल, आता किती देशील?" मी दरवेळी काहीतरी हास्यास्पद आकडा सांगतो. या दसऱ्याला त्यांनी तोच प्रश्न विचारला, पण हसले नाहीत. मी आरसा काढला, सगळं पहिल्यापासून बघितलं. बाबांनी बसवलेली फाक अजून धरून आहे. "बेचाळीस हजार," मी म्हणालो.

"लिहून दे. सही कर आणि तारीख टाक."

मी बिलबुकाच्या कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागदाची घडी केली, खोक्यात तारांच्या जुन्या पाकिटाखाली सरकवली. "पोरं पुण्याला असतात," ते म्हणाले. "त्यांना कोणी तीन हजार सांगू नये."