पाण्याच्या बाटलीतून टेरेफ्थॅलिक आम्ल: माझा अनुभव

पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचे 100 ग्रॅम तुकडे नीट फोडले, तर हिशेबानं त्यातून 86 ग्रॅम टेरेफ्थॅलिक आम्ल निघायला हवं. बेंझिनचं वलय आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन टोकांना एकेक आम्लगट, असा हा साधा रेणू. बारावीच्या बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, धड्यात तो असतोच. टेरेफ्थॅलिक आम्ल अधिक एथिलीन ग्लायकॉल, पाणी बाहेर पडतं आणि बाटलीचं पॉलिएस्टर तयार. मुलं समीकरण पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. पण हे समीकरण उलट्या दिशेनं चालवून दाखवावं, बाटलीतून ते आम्ल हातात यावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. बाटल्यांची आमच्याकडे वाण नाही. लग्नसराईत मंडपामागं ढीग पडतो. थोड्या कबाडी उचलतो, बाकीच्या काडीकचऱ्याबरोबर पेटवतात. उन्हाळ्यात संध्याकाळी गावावरून तो धूर जातो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. घशाला त्रास होतो म्हणून तर वाटतंच, पण चांगला घडवलेला रेणू जळतोय याचंही वाटतं.

पहिलं काम प्लॅस्टिक ओळखण्याचं, आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मला तेच वाटतं. आमच्या भागात सगळ्याला एकच शब्द, पन्नी. दुधाची पिशवी पन्नी, खर्ऱ्याचा कागद पन्नी, बाटलीवरचं वेष्टनही पन्नी. रसायनाच्या नजरेनं मात्र ही वेगवेगळी कुळं आहेत. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 1 असेल तर ती पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पेट. झाकण वेगळं, बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं. दोन्हींचे तुकडे बादलीत टाकले की झाकण तरंगतं आणि बाटली बुडते, कारण पेटची घनता 1.38 च्या आसपास आहे. मुलांनी मानेजवळची कडी न काढताच तुकडे केले होते, ते या बादलीत आपोआप वेगळे झाले.

पण बुडालं म्हणजे पेटच, असं नाही. पीव्हीसीसुद्धा बुडतं, आणि ते तापवलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. म्हणून खात्री नसलेल्या तुकड्यासाठी आम्ही तांब्याच्या तारेची चाचणी लावली. तार लाल होईपर्यंत तापवायची, तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे. तुकडा मुगाच्या डाळीएवढाच घ्यायचा आणि हे व्हरांड्यात, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभं राहून करायचं. एका जुन्या पाइपाच्या तुकड्यानं अशी हिरवी ज्योत दिली की पोट्टे एकदम गप्प झाले. तो तुकडा लगेच बाजूला ठेवला.

पेटच्या साखळीत दर थोड्या अंतरावर एस्टर बंध, म्हणजे आम्ल आणि ग्लायकॉल यांना जोडणारा सांधा, असतो आणि गरम अल्कली तो बंध तोडते. अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा. नुसत्या पाण्यातल्या सोड्यात उकळलं तर काम फार हळू चालतं. बाटलीचा तुकडा दिवसभरात जेमतेम दुधी होतो, कारण सोडा फक्त पृष्ठभागावरून कुरतडत जातो आणि पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. तुकडे एथिलीन ग्लायकॉलमध्ये तापवले तर गोष्ट बदलते. ग्लायकॉल 197 अंशांना उकळतो, त्यामुळे सहज 170-180 पर्यंत जाता येतं. शिवाय पेट फुटल्यावर दुसरा पदार्थ जो निघतो तोही ग्लायकॉलच, म्हणजे भांड्यात परका द्रव काहीच येत नाही. ट्रॅक्टरच्या दुकानात कूलंट म्हणून ग्लायकॉल मिळतो, पण त्यात रंग, पाणी आणि गंज रोखणारी द्रव्यं असतात. म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा नागपूरहून मागवला.

भांड्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. कॉस्टिक सोडा जर्मनच्या भांड्यात कधीही घालू नका. ॲल्युमिनियम आणि सोडा एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, भांडं खाऊन जातं आणि वर ठिणगीची भीती. आम्ही काचेचा चंबू वापरला, वर लांब काचेची नळी उभी लावली. ग्लायकॉलची वाफ त्या नळीतच थंड होऊन परत खाली येते, नळाचं पाणी फिरवावं लागत नाही. आमच्याकडे याला महत्त्व आहे, कारण मोटर चालायला लाईन हवी आणि लाईनचा भरवसा नाही. चष्मे आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणालाही टेबलाजवळ येऊ दिलं नाही. तापलेला सोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, याला दुसरी बाजू नाही.

नखाएवढे तुकडे 10 ग्रॅम घेतले. गणितानं त्याला 4.2 ग्रॅम सोडा पुरतो. आमचा सोडा हवेतला ओलावा ओढून चिकट झालेला, म्हणून थोडा वाढवून घेतला. तापमान 150 च्या पुढं गेलं तसे तुकडे मऊ पडले, कडा पांढऱ्या झाल्या, मग द्रव गढूळला. त्यानंतर तळाशी पांढरा लगदा धरायला लागला. हे सोडियम टेरेफ्थॅलेट. ग्लायकॉलमध्ये ते नीट विरघळत नाही, म्हणून जागच्या जागी साठत जातं आणि भांडं उसळायला लागतं. इथं आच कमी करून सारखं ढवळत राहावं लागतं. तासाभरात एकही तुकडा दिसेना. आमचे प्रयोगशाळेतले काका इतका वेळ दाराशी उभे होते. ते म्हणाले, "बाप्पा! बाटल्या गेल्या कुठं?"

भांडं 100 च्या बरंच खाली येईपर्यंत थांबलो आणि मगच पाणी घातलं. लगदा पाण्यात पूर्ण विरघळला. राहिलं ते वेष्टनाच्या गोंदाचं थोडं लिबलिबीत आणि दोन-चार कण. गाळल्यावर खाली आलेला द्रव अगदी पारदर्शक होता, किंचित निळसर. बाटलीलाच निळी झाक देतात, तीच उतरली होती. कोळशाची बारीक पूड घालून गरम केलं, परत गाळलं, तेव्हा झाक गेली.

आता आम्ल. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर नोंदवही आणि ओळखपत्राची अट आली, आणि ते योग्यच झालं. आम्ही महाविद्यालयाच्या साठ्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल पातळ करून वापरलं. बारावीतली एक मुलगी ड्रॉपरनं थेंब टाकत होती, बाकीचे चंचुपात्राभोवती वाकले होते. पहिले थेंब नुसते मिसळून गेले, कारण उरलेला सोडा ते खात होता. मग एका थेंबाखाली पांढरा धागा दिसला आणि ढवळल्यावर नाहीसा झाला. पुढच्या थेंबाचा धागा राहिला. आणि मग दूध फाटावं तसं सगळं पात्र वरपासून खालपर्यंत पांढरं झालं. "सर, साध्या पाण्यातून पांढरं कुठून येऊन रायलं?" तिनं विचारलं. याचं उत्तर त्या आम्लाच्या स्वभावात आहे. त्याचं सोडियमचं मीठ पाण्यात सहज विरघळतं, पण आम्ल स्वतः जवळजवळ विरघळतच नाही. एक लिटर थंड पाण्यात 15-20 मिलिग्रॅम, बस. सोडियम काढून घेतला की त्याला पाण्यात जागाच उरत नाही.

गाळणं ही या सगळ्यातली खरी कटकट. साका इतका बारीक असतो की फिल्टर पेपरची छिद्रं बुजतात आणि थेंब पडायचा थांबतो. उपाय साधा आहे, पण धीर लागतो. पात्र मंद आचेवर तासभर ठेवायचं, कण थोडे मोठे होऊन खाली बसतात, वरचं पाणी ओतून टाकायचं, नवीन पाणी घालायचं, परत बसू द्यायचं. शेवटच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरं येत नाही हे बघितलं, म्हणजे मीठ आणि हायड्रोक्लोरिक आम्ल निघून गेलं. मग पांढरी पूड काचेच्या तबकडीत उन्हात वाळवली, वरून जाळीचं झाकण. 10 ग्रॅम तुकड्यांतून जास्तीत जास्त 8.6 ग्रॅम मिळू शकतं, आम्हाला साडेसातच्या जरा वर मिळालं. बाकीचं गाळण्यात आणि धुण्यात गेलं असणार.

पांढरी पूड मिळाली म्हणजे तीच वस्तू मिळाली, असं मी मुलांना कधीच म्हणू देत नाही. पूड खाण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणात टाकली तेव्हा बुडबुडे आले आणि ती विरघळली, म्हणजे आम्लगट आहे. शेजारी बेंझोइक आम्ल ठेवून दोन्ही बारीक नळ्यांत तापवली. बेंझोइक 122 अंशांना वितळलं. आमची पूड 200 पर्यंत जशीच्या तशी राहिली, आणि टेरेफ्थॅलिक आम्लाकडून हीच अपेक्षा असते. ते वितळायच्या ऐवजी 400 च्या आसपास सरळ वाफ होतं, तिथवर आम्ही गेलो नाही. मला सगळ्यात भरवशाचं वाटलं ते टायट्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या ताकदीचं द्रावण थेंबाथेंबानं टाकून आम्ल किंवा सोडा किती आहे ते मोजणं. रेणुभार 166, आम्लगट दोन, म्हणजे इक्विव्हॅलंट वेट, एका आम्लगटामागचं वजन, 83. दोन पारड्यांच्या जुन्या तराजूवर चिमट्यानं मिलिग्रॅमची वजनं ठेवत 0.415 ग्रॅम पूड मोजली, ती 0.1 नॉर्मल सोड्याच्या 75 मिलीमध्ये विरघळवली. पूड खरी असेल तर तिनं 50 मिली खायला हवे आणि 25 उरायला हवेत. उरलेला सोडा ब्युरेटमधून तेवढ्याच ताकदीचं आम्ल टाकून मोजला. 25.4 मिलीला निदर्शकाचा गुलाबी रंग गेला. मुलांनी टायट्रेशन शेकडो वेळा पाठ केलं असेल, पण त्या रंगाची इतकी वाट बघताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

त्यानंतर एकानं विचारलंच, "सर, आता यातून बेंझिन काढू ना?" प्रश्न हुशारीचा होता. फॅरडेनं 1825 मध्ये बेंझिन प्रथम वेगळं केलं आणि पुढं मिट्शेरलिखनं 1833 मध्ये बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तेच मिळवलं. आमच्या पुडीचंही तत्त्वतः तसंच होईल. पण मी सरळ नाही म्हटलं आणि कारण फळ्यावर लिहिलं. बेंझिनमुळं रक्ताचा कर्करोग होतो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत ठेवलंय. शिवाय त्याची वाफ शून्याच्या खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. आमच्या खोलीत धूर ओढून नेणारी कपाटं नाहीत. थर्माकोलच्या ताटल्या तापवून स्टायरीन काढायची मागणीही याच कारणानं नाकारली. टेरेफ्थॅलिक आम्लापाशी थांबल्यानं शिकण्यात काहीही कमी पडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

गाळून उरलेल्या पाण्यात ग्लायकॉल असतो. तो चवीला गोड आणि पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी करणारा. गावात शेळ्या, कुत्री, गाई मोकळ्या फिरतात, म्हणून ते पाणी नालीत सोडलं नाही. नाव लिहिलेल्या कॅनमध्ये कुलपात आहे.

याच्या पुढचा प्रयोग मला जास्त जवळचा आहे, कारण आमचा मुलूख कापसाचा. व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी 1941 मध्ये पेटचा धागा शोधला तो मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत. टेरिलीन हे त्याचं नाव, आणि आपला टेरीकॉट म्हणजे तोच धागा कापसात मिसळलेला. सोडा पॉलिएस्टर खातो, कापूस बहुतांशी तसाच ठेवतो. शिंप्याकडून पांढऱ्या शर्टिंगच्या चिंध्या आणल्या. रंगीत घेतल्या नाहीत, रंग पुडीत उतरतो. धागा बाटलीपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळं इथं पाण्यातला सोडाही पुरला. स्टीलच्या भांड्यात, चिंध्या पूर्ण बुडवून, मंद आचेवर काही तास. वर आलेल्या भागाला हवा लागली तर कापूस पिवळा पडतो, म्हणून काचेच्या कांडीनं सारखं खाली दाबत राहायचं.

बाहेर आलेलं कापड विरळ आणि मऊ होतं, विण तशीच, उजेडाकडं धरलं तर आरपार दिसायचं. धुऊन वाळवून तोललं तर मूळ वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरलं. ठाणावर 67:33 छापलेलं होतं, म्हणजे 67 भाग पॉलिएस्टर आणि 33 भाग कापूस. ज्याच्या घरी सात एकर कापूस आहे तो मुलगा चिंधी बोटांत चोळत म्हणाला, "हा आपलाच कापूस, सर. बाकीचं त्या पाण्यात हाय."

त्या पाण्यात आम्ल टाकलं. तोच पांढरा साका आला, तोच संथ गाळणीचा त्रास, आणि वाळल्यावर टायट्रेशनमध्ये इक्विव्हॅलंट वेट परत 83 च्या जवळ. आता मुलांनी शिंप्याकडून वेगवेगळ्या कापडांच्या चिंध्या गोळा केल्यात, प्रत्येकीवर छापील प्रमाण लिहिलंय, आणि सोड्यानंतर उरलेल्या कापसाचं वजन त्याशी ताडून बघायचं काम सुरू आहे.