दाढेतला खडा

"दुखत न्हाय गं पोरी, नुसती पुळी येतीय-जातीय," असं म्हणत ७८ वर्षांच्या आजी खुर्चीत बसल्या. खालच्या डाव्या दाढेजवळ हिरडीवर पू धरलेला आणि दाढेत मसूर मावेल एवढी कीड. सोबतचा मुलगा म्हणाला, "मॅडम, काढूनच टाका. या वयात रूट कॅनॉल कशाला?" हे वाक्य मी नेहमी ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं. त्या बाजूला चावायला आजींची तेवढीच एक दाढ उरली होती.

एवढी कीड तिशीतल्या माणसाला रात्र रात्र झोपू देत नाही. पण दात आयुष्यभर आतून डेंटिनचे, म्हणजे दात ज्याचा बनलेला असतो त्या कठीण भागाचे, थर चढवत राहतो. मिश्रीने आणि भाकरीने दाढ झिजली की आणखी भर घालतो. पल्पची, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तिची जागा आक्रसते, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या कमी होतात. डेंटिनमधल्या बारीक नळ्याही बुजतात. नस जिवंत आहे का ते बघायला मी स्प्रेने गार केलेला बोळा दाढेला लावला, काहीच नाही. शेजारच्या चांगल्या दाताला लावला, तर तिथेही आजींना जेमतेम कळलं. त्या चाचणीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली तेव्हा नस मेल्याची खात्री पटली.

तरुण दाढेत ड्रिल पल्पच्या जागेचं छत ओलांडून आत उतरलं की हाताला पोकळी जाणवते. इथे ती लागेचना. छत आणि तळ जवळजवळ टेकले होते. अजून मिलिमीटरभर खाली गेले असते तर तळाला भोक पडलं असतं. मी ड्रिल बाजूला ठेवलं, पुन्हा एक्स-रे काढला आणि मग भिंगातून रंग बघत बघत सरकले. नंतर चढलेलं डेंटिन पिवळसर असतं, तळ करडा. करड्याच्या कडेला हत्याराचं टोक अडकलं आणि मोहरीएवढा खडा सुटून आला. पल्पमध्येच कॅल्शियम साचून झालेला. त्याच्याखाली वाट होती.

कॅनॉल, म्हणजे मुळातली नसेची वाट, साफ करायची सुईसारखी कानस म्हणजे फाइल. ६ नंबरच्या फाइलचं टोक असतं ०.०६ मिलिमीटर. दोन फाइली वाकल्या, त्या टाकून नव्या घेतल्या. कॅल्शियम मऊ करणारं ईडीटीए नावाचं द्रावण घालायचं, पाव वळसा फिरवायचं, बाहेर काढून धुवायचं, पुन्हा तेच. पुढच्या मुळातला दुसरा कॅनॉल त्या दिवशी सापडलाच नाही. आजींची मान अवघडली होती, तेव्हा तात्पुरतं भरून त्यांना घरी पाठवलं. तो दुसऱ्या खेपेला मिळाला. तिसऱ्या खेपेला तिन्ही कॅनॉल भरले, पुढे कॅप बसवली.

तो खडा आजींनी तळहातावर घेऊन नखाने दाबून पाहिला. "ह्यो माज्या दाढंत हुता?" मी हो म्हणाले. त्यांनी तो कागदात गुंडाळून कनवटीला लावला.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. सावली निम्म्याहून लहान झाली होती, कडेने हाड भरत आलं होतं. दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावून मी मुलाला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आईची वरची दाढ पण बघता का जरा? ती पण दुखत नाही म्हणते."