कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे पाहायचे असतील तर

सोमवार सोडून जा. चित्रकार आणि नट चंद्रकांत मांडरे यांच्या मागावरची ही फेरी ज्या दोन जागांमुळे अर्थपूर्ण होते, ते टाऊन हॉल म्युझियम आणि राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, दोन्ही शासकीय आहेत आणि सोमवारी बंद असतात. सार्वजनिक सुट्टीचा दिवस असेल तरी आधी चौकशी केलेली बरी. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की ती सकाळी शाहू टर्मिनसला उतरवते. स्टेशनपासून मध्यवर्ती बसस्थानक चालत गाठता येतं, त्यामुळे राहायची सोय त्या परिसरात केली तर दिवसभर गाडी लागत नाही. एखादी रिक्षा पुरते.

बहुतेक सिनेमाप्रेमी कोल्हापुरात आले की थेट भालजी पेंढारकरांचा जुना जयप्रभा स्टुडिओ गाठतात, बाहेरून फोटो काढतात आणि हिरमुसून मिसळ खायला जातात. जयप्रभापासून सुरुवात केली की हेच होणार. चंद्रकांत हे आधी चित्रकार आणि मग नट. त्यामुळे त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर रंगांपासून सुरुवात करावी, स्टुडिओ मध्ये घ्यावा आणि शेवट पुन्हा रंगांपाशी यावं. आम्ही याच क्रमाने फिरलो.

सकाळी दार उघडताच टाऊन हॉल. एकोणिसाव्या शतकातली गॉथिक धाटणीची इमारत, भोवती जुनी झाडं, समोर सीपीआर रुग्णालय. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू नंतर पाहा, आधी आबालाल रहिमान यांची चित्रं गाठा. कोल्हापूरचं निसर्गचित्रण त्यांच्यापासून मोजतात. तळ्याकाठी बसून तिथल्या तिथे उजेड पकडायचा ही सवय या गावाच्या चित्रकारांना आबालालांनी लावली. आबालाल १९३१ मध्ये गेले, तेव्हा १३ ऑगस्ट १९१३ चा जन्म असलेला गोपाळ मांडरे अठरा वर्षांचा होता. तोच पुढे चंद्रकांत झाला. या चित्रांतला पाण्यावरचा उजेड नीट लक्षात ठेवा, राजारामपुरीत त्याची गरज लागेल.

तिथून भाऊसिंगजी रोडने चालत शिवाजी चौक. चौकातला महाराजांचा अर्धपुतळा १९४५ चा. त्या जागी आधी विल्सन या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला आणि मग तिथे महाराज बसवण्यासाठी भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला, पुतळा घडवला बाबुराव पेंटरांनी. दोघेही सिनेमावाले. पडद्यावरच्या शिवाजीचा चेहरा कोल्हापूरच्या मनात कसा तयार झाला हे शोधायचं तर या चौकातून सुरुवात करावी लागते. सात वर्षांनी, १९५२ मध्ये, भालजींच्याच ‘छत्रपती शिवाजी’त चंद्रकांत महाराज झाले. मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. दुपारनंतर या चौकात फार गर्दी होते आणि महालक्ष्मीच्या दर्शनाची वाहनं अडकून पडतात, म्हणून सकाळचाच बेत ठेवा.

पुढे मिरजकर तिकटीकडे जाताना खासबाग मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह येतं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते उभं राहिलं आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

खरी कॉर्नरला पेंटर बंधूंची आठवण जागवणारा कॅमेरा स्तंभ आहे. वाहनांच्या गर्दीत तो चटकन नजरेत भरत नाही. इथे जरा वेळ थांबायला हवं. बाबुराव पेंटर आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे. १ डिसेंबर १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला गेला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. आनंदराव मात्र १९१६ मध्येच वारले होते. बाबुराव शूटिंगच्या आधी प्रसंगाची चित्रं काढायचे, पोस्टरही स्वतः रंगवायचे. म्हणजे नटाला आपण चौकटीत कुठे उभे आहोत आणि उजेड कुठल्या बाजूने येतोय हे कागदावर आधीच दिसायचं. ही पद्धत ज्याला मुळातूनच चित्रकला येते त्याच्या किती फायद्याची, ते सांगायला नको. शालिनी सिनेटोन या चित्रपटसंस्थेसाठी बाबुरावांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून काढला. त्यात गोपाळ मांडरे आहेत. पुढे भालजींनी गोपाळचा चंद्रकांत केला आणि धाकट्या वामनचा सूर्यकांत.

दोघा भावांत गल्लत करणारे पुष्कळ आहेत, अगदी कोल्हापुरातही. ओळखायची खूण अशी: सूर्यकांत अंगाने बोलतात. चाल, मान, डोळे सगळं हलतं, रांगड्या भूमिकेत ते खुलतात. चंद्रकांत स्थिर उभे राहतात. खांदे कॅमेऱ्याला तिरके, हनुवटी किंचित खाली, हात जवळजवळ नाहीतच. आजच्या प्रेक्षकाला हे ताठर वाटतं आणि काही सामाजिक चित्रपटांत ते खरोखर ताठर आहेच. ऐतिहासिक भूमिकेत मात्र हाच गुण होतो, त्यालाही कारण आहे. जिरेटोपाच्या कडेमुळे कपाळावर आणि डोळ्यांवर सावली पडते. कृष्णधवल फिल्मवर ती सावली पार काळी उतरते आणि नटाचे डोळेच गायब होतात. रिफ्लेक्टरने खालून उजेड मारावा लागतो, पण नटाने मान दोन बोटं जरी वर-खाली केली तरी तो उजेड डोळ्यांवरून सरकतो. स्पिरिट गमने चिकटवलेल्या दाढीचंही तसंच. जबडा फार हलवला आणि घाम आला की ओठांच्या कडेने केस सुटायला लागतात आणि जवळच्या शॉटमध्ये, दाढीचे केस ज्यावर गुंफलेले असतात त्या जाळीची रेघ दिसते. शांत चेहरा ठेवून आवाजावर प्रसंग पेलणारा नट म्हणूनच त्या काळी दिग्दर्शकाला सोन्याहून प्यारा असे. १९४१ च्या ‘थोरातांची कमळा’तला त्यांचा संभाजी आणि १९५२ चा शिवाजी लागोपाठ पाहिले तर हे संयमाचं गणित कसं पक्कं होत गेलं ते दिसतं. जमलं तर आवाज बंद करून पाहा.

खरी कॉर्नरवरून मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ चालण्याच्या अंतरावर आहे. कोल्हापूर सिनेटोनचा हा स्टुडिओ भालजींनी घेतला आणि जयसिंह व प्रभाकर या मुलांच्या नावांवरून त्याला नाव दिलं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ मध्ये तो जळाला. तयार चित्रपटाची निगेटिव्ह त्यात गेली आणि भालजींनी तो चित्रपट पुन्हा चित्रित केला. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुढे स्टुडिओ लता मंगेशकरांच्या मालकीचा झाला, त्यातली बरीच जमीन विकली गेली, आणि उरलेल्या जागेच्या विक्रीवरून २०२२ मध्ये कोल्हापूरकर रस्त्यावर आले. आत जायला मिळेल या भरवशावर येऊ नका. इथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ काढण्यासारखं काही नाही, हे स्पष्ट सांगतो. भालजींकडे नट कसा तयार होत असे, याचं वातावरण अनुभवायला मिळेल अशी आशा धरून लोक येतात. भिंतींकडे बघून ते कळत नाही.

मग रिक्षा करून राजारामपुरी. इथल्या गल्ल्यांना आकडे आहेत, सातवी गल्ली सांगा. नुसतं ‘म्युझियम’ म्हटलं तर रिक्षा न्यू पॅलेसमधल्या म्युझियमकडे वळण्याची शक्यता असते, ‘मांडरे’ हा शब्द विसरू नका. ‘निसर्ग’ नावाचा हा बंगला आणि त्यातली स्वतःची तीनशेहून अधिक चित्रं चंद्रकांतांनी १९८४ मध्ये राज्य शासनाला देऊन टाकली. १९८७ पासून इथे संग्रहालय आहे. स्वतः ते २००१ मध्ये गेले. स्वतःच्या हयातीत, वास्तूसकट, कागदोपत्री संग्रह सोपवणारे मराठी नट किती, हे आठवून पाहा. म्हणूनच तो एका जागी शाबूत राहिला.

कमीत कमी दीड तास ठेवा. जलरंग, तैलरंग, पेस्टल, पेन्सिल सगळं आहे, पण खरा ऐवज म्हणजे पावडर शेडिंग. हे तंत्र फोटोवरून व्यक्तिचित्रं मोठी करून देणाऱ्यांचं. चंद्रकांतांनी ते निसर्गचित्राला लावलं, आणि यात धोका मोठा. जाड, जरा दाणेदार कागदावर बारीक काळी पावडर कापसाच्या बोळ्याने किंवा सपाट ब्रशने गोल गोल चोळत करडा थर बसवतात. फिकटापासून सुरुवात, गडद सगळ्यात शेवटी. बारीक जागी कागदाची घट्ट सुरळी वापरतात. पांढरा रंग नसतोच. ढगाची कड, पाण्यावरची चकाकी, पानावरचं ऊन हे खोडरबराच्या धारदार टोकाने पावडर उचलून काढायचं, म्हणजे उजेड हा खालचा कागद असतो. एकाच जागी जास्त चोळलं की कागदाचे दाणे दबतात, तिथे तेलकट चमक येते आणि पुढे पावडर धरतच नाही. बोटाचा घाम लागला तर तो डाग रबराने निघत नाही. दमट हवेत पावडर गुठळ्या धरते, त्यामुळे पावसाळ्यात उघड्यावर हे काम जवळजवळ अशक्य. पावडर पक्की धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे फिक्सेटिव्हचा, फवारा जास्त झाला की सगळे मधले करडे रंग एक पायरी काळे होतात.

हे लक्षात ठेवून एखाद्या चित्रासमोर उभं राहा. काचेत खिडकीचं प्रतिबिंब येतं, म्हणून सरळ समोर न थांबता थोडं बाजूला सरका. दोन-तीन हातांवरून धुकं आणि झाडी दिसेल; मग जवळ जाऊन रबराच्या रेघा शोधा. काही चित्रांत त्या इतक्या मोजक्या आहेत की कुठे उजेड ठेवायचा आणि कुठे अंधार सोडून द्यायचा, याचा निर्णय आधीच झालेला असणार. जिरेटोपाखालच्या चेहऱ्याचं गणित यापेक्षा वेगळं नाही. तैलरंगातली चित्रं त्यामानाने साधी आहेत. रंग हाताशी आले की हा संयम सैलावतो, असं आमचं मत. फोटो काढायचे असतील तर दारातच परवानगी विचारा आणि फ्लॅश वापरू नका.

चारच्या आत मोकळे झालात तर पन्हाळा गाठता येतो, अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. परतीची शेवटची गाडी उतरतानाच विचारून ठेवा, संध्याकाळी वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खाजगी गाडी, मिळेलच असं नाही. पश्चिमेकडची दरी दिसेल अशा जागी थांबा. ऊन तिरपं झालं की दऱ्यांमधली हवा करडी व्हायला लागते आणि एकामागे एक डोंगर फिकट होत जातात. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. मे महिन्यात धुळीमुळे मागच्या डोंगररांगा दिसतच नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरले की समोरचा तटही दिसत नाही.

चित्रपटांचं म्हणाल तर जुन्यापेक्षा शेवटच्या काळातला मिळवणं सोपं: १९९५ चा ‘बनगरवाडी’. ऐंशी ओलांडलेले चंद्रकांत त्यात आहेत. दाढीमिशा चिकटवलेल्या नाहीत, जिरेटोप नाही, माणदेशाचं उघडं ऊन आहे. कोल्हापूरला निघण्याआधी तो पाहून या, आल्यावर पाहू म्हटलं की राहून जातं.